पितळी टोपणं

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. मी वर्गात "गप्प बसा" म्हटलं की शेजारच्या दोन वर्गांतली पोरंही गप्प बसतात, आणि कधीकधी त्यांचे मास्तरही. आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत मी भाजीवाल्याशी घासाघीस सुरू केली की समोरची धोंडुबाई खाली न उतरता खिडकीतूनच म्हणते, "त्रिशलाबाई, ठरलेल्या भावात माझी पण अर्धा किलो घ्या." हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमचे हे, जयपाल, बरोबर उलटे. उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात महावीरांचा फोटो. चौतीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस. कुठल्याही यंत्राचा मोडका भाग आणून द्या, संध्याकाळी तसाच नवा हातात ठेवतील, वर म्हणतील, "कंपनीनं उगंच जड केलता, जरा हलका केलाय." बोलणं तेवढंच. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी बोलायचं आणि त्यांनी "हं" म्हणायचं, अशी आमची वाटणी. मला ती मान्य होती. सगळेच बोलायला लागले तर ऐकणार कोण?

दोन हजार पाच साली माझी बदली मलकापूरच्या शाळेत झाली. रोज जायला दीड तास, यायला दीड तास, एसटीत उभं राहून. महिन्याभरानं हे एक दिवस जुनी झेन घेऊन दारात उभे. "चालव," म्हणाले. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी विद्यापीठामागच्या रस्त्यावर मला गाडी शिकवली. मी गिअर टाकताना गाडी बोंबलायची आणि मी त्याहून मोठ्यानं. हे शेजारी हाताची घडी घालून बसायचे आणि फक्त म्हणायचे, "शिकशील."

तेव्हापासून सकाळचा एक नेम होता. सव्वासहाला मी पर्स घेऊन बाहेर यायची, तेव्हा हे लाकडी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरत असायचे. एकेका टायरवर टोला हाणायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. "टण्ण वाजला तर भरलेला, भद्द वाजला तर कमी," असं मला एकदा समजावलं होतं. चौथा टायर झाला की बोनेटवर थाप मारून फाटक उघडायचे. मला उशीर होत असायचा, मी कुरकुरायची, पण टोले संपल्याशिवाय मी किल्ली फिरवली नाही. नवरा दुसऱ्या कुठल्या भाषेत प्रेम करणार होता? आमच्या घरात त्याला हवा बघणं म्हणत.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात बांबवड्याच्या अलीकडं माझा पुढचा डावा टायर फुटला. स्टेअरिंग हातातून निसटलं, गाडी रस्ता सोडून उसात घुसली आणि थांबली. कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच. ऊस तोडणारी माणसं धावत आली, मला बाहेर काढलं, पाणी दिलं. एक म्हातारा म्हणाला, "काय बाई, तोडणीला मदत कराय आलाय व्हय?" मी हसले, मग रडले, मग त्यांच्यातल्या एकाच्या मोबाइलवरून वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या पोरानं घेतला आणि यांना निरोप सांगितला.

टायर काढून बघितला तर त्यात बारका स्क्रू सापडला. हवा दोन दिवस गळत होती म्हणे. म्हणजे त्या सकाळी टायर कमीच होता, आणि यांनी टोला हाणून तो पास केला होता.

त्या दिवसापासून हातोडी माळ्यावर गेली. सकाळी हे बाहेर येईनात. सव्वासहाला अंघोळीला जाऊन बसायचे, म्हणजे मला फाटक आपलं आपणच उघडावं लागायचं. हवा आता तिठ्ठ्यावरच्या पंपवाल्याकडं बघून घ्यायची, असा निरोप त्यांनी वहीतल्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला.

आमची आदिती सांगलीला दिलीय, ती चार दिवस येऊन राहिली. जाताना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आई, बाबांना धक्का बसलाय. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं. तू आता त्यांच्यावर अजिबात ओरडू नकोस. हळू, प्रेमानं बोल."

मी म्हटलं, "मी कधी ओरडते?"

तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

पोरीचं ऐकलं मी. जिभेला लगाम घातला. सकाळी "चहा ठेवलाय हं" म्हणायचं तर ते मंदिरात बोलावं तसं म्हणायची. जेवताना "भाजी वाढू का?" तेही हळू. संध्याकाळी आमच्याकडं सूर्य बुडायच्या आत जेवणं होतात, त्या वेळी समोरासमोर बसून मी शाळेतल्या गमती सांगायची, अगदी मऊ आवाजात. मला स्वतःला माझा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटायचा.

आणि हे? उत्तरच देईनात. आधी "हं" तरी मिळायचा, आता तोही बंद. ताटात बघून जेवायचे, हात धुवायचे, उठायचे. मी भाजी वाढू का विचारलं तरी मान वर नाही. मी मनात म्हणायची, बाई गं, एवढा राग? की एवढं दुःख? एक महिना गेला, दुसरा गेला. बदली, बढती, पेन्शन, सगळं गेलं चुलीत, मला माझा नवरा परत हवा होता. घरात दोन माणसं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, हे माझ्या नशिबात कधी नव्हतं, आणि मला ते सोसेना.

जानेवारीत आमच्या मुलानं, जिनेशनं, दुबईहून एक खोकं पाठवलं. त्याच्याबरोबर काम करणारा गडमुडशिंगीचा एक पोरगा सुट्टीवर आला होता, तो आणून देऊन गेला. आत काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक डबा, त्याला छोटा पडदा आणि वायर. आणि चार काळी टोपणं. टायरच्या वॉल्व्हवरचं नेहमीचं टोपण काढायचं आणि हे बसवायचं. टोपणाच्या आत सेल आणि बारकं यंत्र. ते टायरातली हवा मोजून आकडा बिनतारी डब्याकडं पाठवतं. हवा कमी झाली की डबा शिट्टी वाजवतो. डबा गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात लावायचा. आमच्या जैनाच्या गाडीत त्या भोकाला पहिल्यांदाच काही काम मिळालं.

फोनवर जिनेश म्हणाला, "आई, टायरवाल्याकडून बसवून घे. दहा मिनिटांचं काम आहे."

"टायरवाल्याकडून कशाला?" मी म्हटलं. "घरात कारागीर बसलाय."

मी मुद्दाम तसं केलं. पुस्तिका आणि खोकं यांच्या पुढ्यात ठेवलं, आणि हातानं गाडीकडं दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. एक टोपण बोटात धरून उजेडाकडं फिरवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललेलं बघितलं. बास, मला तेवढं पुरलं.

आता उद्यमनगरच्या माणसाच्या हातात परदेशी वस्तू दिली आणि ती त्यानं तशीच वापरली, असं कधी झालंय? टोपणं दहा मिनिटांत बसली असती. हे ती वर्कशॉपला घेऊन गेले. दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी रुमालात बांधून काय आणलं, तर पितळेची चार झाकणं. स्वतः लेथवर काढलेली, आरशासारखी चकचकीत, खाली आटे पाडलेले. जिनेशच्या टोपणावर हे झाकण फिरवून बसवायचं, म्हणजे यंत्राला दगड लागायला नको आणि कुणी चोरायला नको. "उघडं ठेवलं तर बांबवड्यापर्यंत पण ऱ्हाणार न्हाय," ते म्हणाले. दोन महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

गाडी काय दिसत होती म्हणून सांगू. चारही चाकांना जणू चमक्या घातल्या होत्या. धोंडुबाई खास खाली उतरून बघून गेली. मी डबा लावला, किल्ली फिरवली. पडद्यावर आकडे यायला पाहिजेत. चार आडव्या रेघा आल्या, आणि रेघाच राहिल्या.

यांनी पुस्तिका वाचली, उलटी करून वाचली. टोपणं घट्ट केली, सैल केली, सेल बदलले. रेघा. संध्याकाळी सगळं काढून खोक्यात भरलं आणि खोकं माळ्यावर, हातोडीशेजारी ठेवलं. मी हळूच म्हटलं, "होईल हो, बघू उद्या." मान वर नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शुक्रवारी जिनेशला सुट्टी असते. मी गच्चीवर जाऊन फोन लावला आणि सगळं सांगितलं. पितळेचं नाव काढताच तो हसायला लागला.

"आई, आत बारका रेडिओ आहे. वरून पितळेचं झाकण घातलं तर आतला आवाज बाहेर येणार कसा? बाबांनी त्याला डब्यात कोंडलंय. झाकणं काढा, चालेल."

"हसू नकोस," मी म्हटलं. "दोन दिवस खपून केलीत त्यांनी."

"मग नायलॉनची करा म्हणावं. धातू नको, बाकी काहीही चालेल."

माझं पोरगं हुशार आहे, माझ्यावर गेलंय. पण यांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आधीची मी असते तर जिन्यातूनच सांगितलं असतं, "अहो शहाणे, पितळेतून रेडिओ ऐकू येतो काय?" आता लगाम होता. मी कागदावर लिहिलं, 'जिनेश म्हणतो, धातूनं अडतंय. नायलॉनचं चालेल.' आणि त्यांच्या चष्म्याखाली ठेवलं. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग चप्पल घातली आणि गेले. शनिवारी पांढऱ्या नायलॉनची चार झाकणं तयार होती. पितळी होती तेवढी देखणी नव्हती, पण हातात घेतली तर कडा लोण्यासारख्या.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला गाडी गल्लीत बाहेर काढली. कोवळं ऊन होतं. टोपणं बसली, झाकणं बसली. मी किल्ली फिरवली आणि पडद्यावर एकामागून एक आकडे उगवले. अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. यांनी वाकून खिडकीतून पडदा बघितला, आणि मान हलवली. खूश होते. पण कारागीर माणूस, चाचणी घेतल्याशिवाय माल देत नाही.

"आता शिट्टी बघू," ते म्हणाले. "मी मागं जाऊन एक टोपण काढतो. हवा गेली असं वाटून डबा वाजाय पायजे."

ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले. गाडीची चारही दारं उघडी होती. मी पुढच्या दाराशी उभी. त्यांनी मागच्या डाव्या चाकाचं टोपण फिरवून काढलं.

आणि डबा वाजला. वाजला म्हणजे काय, चिर्र चिर्र करून कानात सुई घातल्यासारखा वाजायला लागला. धोंडुबाईच्या खिडकीतलं मांजर उडी मारून आत गेलं. मी हसत मागं वळले.

हे टोपण हातात धरून वाट बघत होते. मान तिरकी, कान गाडीकडं. थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "वाजत न्हाय."

मी हळू म्हटलं, "वाजतंय की."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. टोपण परत लावलं, परत काढलं. डबा थांबला, परत किंचाळला. यांनी खांदे टाकले. "हे पण बिघडलं," ते जमिनीकडं बघून म्हणाले. "मी हात लावला की झालंच. जिनेशला परत पाठव म्हणावं." आणि दुसरं टोपण काढायला पुढच्या चाकाकडं सरकले. डबा त्यांच्यापासून दोन हातांवर होता आणि बोंबलत होता.

मी तिथंच उभी राहिले. फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्या हातात देणारा माणूस. टीव्ही मोठा लावतात म्हणून मी करवादायची. ऐकू न येणाऱ्या माणसानं दोन वर्षं रोज सकाळी चार टायरांवर टोले हाणून मान तिरकी केली होती, आणि मी, गणिताची बाई, चौतीस वर्षं लेथ अधिक एक कान, एवढी साधी बेरीज मला जमली नव्हती.

मी आत वाकून डब्याची वायर ओढून काढली. मग त्यांच्यासमोर जाऊन बसले, खाली, गल्लीतल्या धुळीत, साडीसकट. त्यांचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"तुम्हाला शिट्टी ऐकू आली न्हाई," मी म्हटलं. या वेळी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, लगाम कधी सुटला मलाच कळलं नाही.

ते दचकले. माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी गावाला गेलेली, आत्ता परत आलेय.

"वाजत हुती?"

"धोंडुबाईचं मांजर पळालं एवढी वाजत होती. कधीपासून ऐकू येत न्हाई?"

त्यांनी टोपण या हातातून त्या हातात घेतलं. "दोन वर्षं झाली असतील. आधी बारीक आवाज गेलं. मग बाकीचं. टायर कानाला कळायचं बंद झालं, तर हातोडीचा धक्का हाताला कळायचा. त्यावर चालवत हुतो." त्यांनी पुढच्या डाव्या चाकाकडं बघितलं. "त्या दिवशी हाताला कळलं न्हाय."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगून? बहिऱ्यानं बघितलेल्या हवेवर तू गाडी काढली असतीस? आणि मग मी सकाळचं कशाला बाहेर यायचं?" ते म्हणाले. "तुला उशीर व्हायचा, तरी तू थांबायचीस. मला ते बरं वाटायचं."

मी त्यांच्या हातातलं टोपण घेऊन पदराला पुसत बसले.

"तू बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस," ते पुढं म्हणाले. "माझ्यापायी मेली असतीस. मी रोज चोरून बघतो, तुझे ओठ हलत्यात, पण तोंडातनं शब्द येत न्हाय. मनातल्या मनात शिव्या देत असणार म्हटलं. मोठ्यानं दिल्या असत्यास तर लई बरं झालं असतं."

दोन महिने. दोन महिने मी त्या ताटासमोर बसून मऊ आवाजात सांगत होते, सहावी 'ब' मधल्या पोरांनी काय केलं, मुख्याध्यापक कसे पडले, आज लिंबाचं लोणचं घातलंय, तुम्ही माझ्यावर रागावला आहात का. तेही विचारलं होतं मी एकदा. अगदी हळू. ते ताटात बघत राहिले होते आणि मी मागच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले होते. आणि तिकडं हा माणूस मला वाचाच बंद केलेली समजून शिक्षा भोगत होता. कुणाला राग यावा, सांगा. आदितीला? तिनं चांगलंच सांगितलं होतं. राग आला तो मला माझाच आला, आणि मला राग आला की माझा आवाज कसा होतो ते सुरुवातीलाच सांगितलंय.

"ऐका," मी म्हटलं. समोरची खिडकी उघडली. "मी बोलणं टाकलेलं न्हाई. दोन महिने मी रोज बोलतेय. आदितीनं सांगितलं बाबांवर ओरडू नकोस, म्हणून हळू बोलत होते. भाजी वाढू का, हे मी साठ वेळा विचारलंय तुम्हाला."

ते बघत राहिले. माझं बोलणं डोळ्यांनी आणि कानांनी दोन्हीकडून घेत होते.

"मला वाटलं शिव्या," ते म्हणाले.

"उद्या सोमवार. शाळा सुटल्यावर आपण कानाच्या डॉक्टरकडं जाणार. आणि सकाळी सव्वासहाला तुम्ही बाहेर यायचं. हवा डबा बघेल, तुम्ही नुसतं उभं राहायचं. कळलं?"

त्यांनी मान हलवली. धोंडुबाई खिडकीत, तिच्या शेजारी तिची सून, आणि कोपऱ्यावर दूधवाला सायकल धरून थांबलेला. लाज वाटायला पाहिजे होती, पण लाजेचं काम मी दोन महिने केलं होतं आणि त्यानं काय झालं ते समोर बसलं होतं. मी त्यांचा हात धरला, ग्रीस लागलेला, आणि अठ्ठावीस वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं ते पूर्ण आवाजात म्हटलं.

"तुम्ही बोलत न्हाई तर मला घरात करमत न्हाई."

यांचे कान लाल झाले, डोळे भरले. त्यांना ऐकू आलं होतं. आमच्या गल्लीत ते ऐकू न आलेलं माणूस त्या वेळी एकही नव्हतं.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले, मान तिरकी केली आणि कानामागं हात धरला.

"नीट आयकू आलं न्हाय," ते म्हणाले. "परत एकदा म्हण."

मी पदर खोचला आणि आणखी मोठ्यानं म्हटलं.